२८ रुपयांचा सिनेमा : बीदर-उदगीर पट्ट्यातल्या स्वस्त सीड्यांचा बाजार

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हा आपला जुना बीदर जिल्हाही तिघांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. हे इथल्या वाचकांना पाठ आहे. पण कागदावरून गेलेला जिल्हा बाजारातून गेलाच नव्हता, हे मला भंगारातून विकत घेतलेल्या सीड्यांच्या पाठीवरच्या शिक्क्यांनी शिकवलं. बीदरच्या रद्दीवाल्याकडून घेतलेल्या मराठी चित्रपटाच्या कव्हरवर उदगीरच्या दुकानाचा शिक्का, हिंदी चित्रपटावर जहीराबादचा, भालकीत मिळालेल्या तमाशाच्या सीडीवर अहमदपूरचा. पन्नास वर्षांनंतरही माल जुन्या जिल्ह्याच्या वाटांनीच फिरत होता.

बीदरवर लिहायचं म्हणजे किल्ला, महमूद गावानचा मदरसा, बिदरी काम, फार तर बरीदशाही. ते सगळं आपल्या मंडळात माझ्यापेक्षा जाणत्या लोकांनी लिहिलेलं आहे. मी यंत्रांतला माणूस, त्यामुळे माझं लक्ष यंत्रांकडे आणि त्यांतून जाणाऱ्या वस्तूंकडे जातं. गेल्या दहा-अकरा वर्षांत मी साडेतीनशेच्या वर सीड्या आणि डीव्हीड्या गोळा केल्या, बहुतेक पाच ते वीस रुपयांना, काही तर किलोवर. या लेखात त्यांचा इतिहास आहे, आणि अजूनही त्या स्वस्तात कुठं, कशा शोधाव्यात हेही आहे.

आधी थोडं मागे जाऊ. दूरचित्रवाणी आपल्या भागात तशी लवकर आली होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून 'साइट' नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले होते आणि कर्नाटकातले तीन जिल्हे त्यात होते: विजापूर, रायचूर आणि गुलबर्गा. बीदर त्यात नव्हतं. गुलबर्ग्याला पुढं १९७७ मध्ये जमिनीवरचं प्रक्षेपण सुरू झालं. म्हणजे आळंद, अफझलपूरकडच्या काही लोकांनी टीव्ही पाहिला तेव्हा महाराष्ट्रातल्या बऱ्याच जिल्ह्यांना तो ऐकूनच माहीत होता. पण तो सरकारी टीव्ही, शेती आणि आरोग्याचा. आपल्याला हवं ते, हवं तेव्हा बघायची सोय १९८२ च्या आशियाई स्पर्धांनंतर रंगीत संच आणि व्हीसीआर आले तेव्हा झाली. लग्नात, गणपतीत व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्यानं आणायचा, सोबत तीन कॅसेटी, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी पहाटेपर्यंत बसायचं. पन्नाशीतल्या कुणालाही हे सांगायला नको.

कॅसेट मात्र विकत कुणी घेत नव्हतं, महाग पडायची. लोक भाड्यानं आणायचे. सिनेमा 'आपल्या मालकीचा' झाला तो व्हीसीडीनं.

व्हीसीडी ही फार मजेशीर वस्तू आहे. १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून तिचं प्रमाण ठरवलं. युरोप-अमेरिकेत तिला कुणी विचारलं नाही. चीन, आग्नेय आशिया आणि भारतानं तिला डोक्यावर घेतलं. साध्या सीडीवर चित्र बसवायचं म्हणून चित्र लहान केलं: ३५२ बाय २८८ ठिपके. तरी एका तबकडीवर ७४ मिनिटंच बसतात. म्हणून आपला चित्रपट दोन तबकड्यांवर, आणि मध्यंतर हमखास चुकीच्या जागी. लांबीचा चित्रपट असेल तर तीन. इंजिनियर म्हणून मला त्यातली एक युक्ती फार आवडते. संगणकाच्या सीडीवर प्रत्येक खणात २०४८ बाइट माहिती आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करायची तजवीज असते. व्हीसीडीनं ती दुरुस्तीची जागाही चित्राला दिली, खणात २३२४ बाइट भरले. त्यामुळे साधारण ६८० एमबीच्या तबकडीवर ७७० एमबीचा सिनेमा मावला. किंमत अशी की ओरखडा पडला तर संगणकाची फाइल कदाचित वाचेल, व्हीसीडीवर चित्राचे चौकोन फुटणारच. हिरोचा चेहरा चौकोनी होऊन थांबला की घरातलं कुणीतरी उठून तबकडी बनियनला पुसायचं. तो दोष प्लेअरचा नव्हता, मापातच होता.

डीव्हीडी त्यामानानं श्रीमंताघरची. एका थरावर ४.७ जीबी, चित्र ७२० बाय ५७६, अख्खा चित्रपट एकाच तबकडीवर. दोन हजारच्या पहिल्या काही वर्षांत अस्सल व्हीसीडी शंभराच्या वर आणि डीव्हीडी दोन-तीनशेच्या घरात असायची. औरादच्या शाळामास्तरानं ती घ्यावी अशी अपेक्षाच नव्हती. मग तो काय करायचा? तीस-चाळीस रुपयांची नकली घ्यायचा. चीनचे स्वस्त प्लेअर काहीही वाचायचे, आणि एका डीव्हीडीवर पाच-सहा चित्रपट कोंबलेले मिळायचे. चित्र धुरकट, कडेला थिएटरातल्या प्रेक्षकाचं डोकं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. पण सहा सिनेमे!

या परिस्थितीत मोझर बेअर ही कंपनी उतरली. हे नाव ऐकून बरेच जण तिला परदेशी समजतात. १९८३ मध्ये दीपक पुरी यांनी ती दिल्लीत काढली, नाव आलं स्वित्झर्लंडच्या सहयोगी कंपनीकडून. वेळ नोंदवणारी यंत्रं, मग फ्लॉपी, मग कोऱ्या सीड्या असा तिचा प्रवास. जगातल्या मोठ्या कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्यांत तिची गणती व्हायची. २००६ च्या अखेरीस तिनं चित्रपट विकायचं जाहीर केलं आणि भाव ठेवला व्हीसीडीला २८ रुपये, डीव्हीडीला ३४ रुपये. नकली मालाच्या भावात अस्सल माल, हा हिशोब उघड होता. तबकडी स्वतःच्याच कारखान्यात निघत होती आणि जुन्या चित्रपटांचे हक्क हजारोंनी, घाऊक घेतले होते: हिंदी, तेलुगू, कन्नड, मराठी, तमिळ. नव्या चित्रपटाचे हक्क महाग, पण १९७० च्या दशकातल्या चित्रपटाच्या व्हीसीडी हक्काला तोवर फारसा कुणी विचारत नव्हतं. या भावानं दुसऱ्या कंपन्यांचीही पंचाईत झाली. टी-सिरीज, शेमारू यांनाही दर खाली आणावे लागले. गंमत अशी, की ज्या कोऱ्या तबकड्यांवर गल्लीतला पोरगा नकला काढायचा, त्यांतल्या बऱ्याच याच कंपनीच्या असायच्या. म्हणजे चोर आणि शिपाई दोघांच्या काठ्या एकाच सुताराच्या.

आपल्या सीमाभागाला या २८ रुपयांनी काय दिलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. थिएटरवाला मराठी चित्रपट लावायचा तो चालेल असा असेल तर. दादा कोंडके चालायचे, 'माहेरची साडी' (१९९१) चालली. बाकी मराठी सिनेमा बघायला लोक उदगीरला, लातूरला, सोलापूरला जायचे किंवा बघायचेच नाहीत. केबलवर मराठी वाहिनी दाखवायची की नाही हे केबलवाल्याच्या मर्जीवर. २००० मध्ये सुरू झालेली ईटीव्ही मराठी वाहिनी तर हैदराबादहून, रामोजी फिल्म सिटीतून चालायची, आपल्यापासून काही तासांच्या वाटेवरून. तरी बीदर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ती दिसायची नाही. अशा ठिकाणी 'सोंगाड्या' (१९७१), 'पिंजरा' (१९७२), 'पांडू हवालदार' (१९७५), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घरात आले. ज्या मुलांची शाळा कन्नड किंवा इंग्रजी, त्यांच्या कानावर घराबाहेरची मराठी पडली ती या तबकड्यांतून. लक्ष्मीकांत बेर्डे यांची मराठी ही आमच्याकडच्या एका अख्ख्या पिढीची 'प्रमाण मराठी' आहे असं मी म्हटलं तर पंडित रागावतील, पण भालकीत जाऊन ऐका.

हा माल यायचा कुठून? तीन वाटा. पहिली वाट रेल्वेची: विकाराबाद, बीदर, भालकी, कमलनगर, उदगीर, लातूर रोड, परळी. मराठी माल या वाटेनं वरून खाली यायचा. उदगीर-लातूरचा व्यापारी पुण्या-मुंबईहून खोकी आणायचा आणि बीदर, भालकीचे लहान दुकानदार त्याच्याकडून शंभराच्या गड्ड्यानं घ्यायचे. दुसरी वाट हैदराबादची, सुलतान बाजार-कोठीची आणि अबिड्सच्या रविवारच्या फूटपाथची. हिंदी, तेलुगू आणि उर्दू सगळं तिकडून. तिसरी कलबुर्गीची. तिथल्या सुपर मार्केटातला मराठी माल सोलापूरहून येई, कारण मुंबई-चेन्नई लोहमार्गावर दोन्ही शहरं शेजारी. बीदर आणि कलबुर्गी एकाच राज्यातले शेजारी जिल्हे, पण त्यांना जोडणारी रेल्वे पुरी झाली ऑक्टोबर २०१७ मध्ये, सीड्यांचा धंदा बसल्यावर. त्यामुळे या दोन शहरांतल्या दुकानांत एकच माल फार कमी दिसायचा. माझ्या संग्रहात कलबुर्गीचा शिक्का असलेली बीदरला मिळालेली एकही तबकडी नाही.

चौथी वाट म्हणता येईल ती जत्रांची, आणि माझ्या मते ती सगळ्यांत श्रीमंत. अफझलपूर तालुक्यातलं गाणगापूर, हुमनाबादजवळचं माणिकनगर, भालकी तालुक्यातल्या खानापूरचा मैलार मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबा, कलबुर्गीची शरणबसवेश्वराची जत्रा आणि ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस. प्रत्येक ठिकाणी प्रसादाच्या दुकानाशेजारी सीड्यांचं दुकान, बाहेर टीव्हीवर चालू असलेली आरती किंवा कव्वाली. गाणगापूरला दत्ताची गाणी आणि गुरुचरित्राची कथा मराठीत, कारण यात्रेकरूंत मराठी माणूस मोठा. खानापूरला तोच देव दोन भाषांत, मल्लण्णाची कन्नड गाणी आणि खंडोबाची मराठी गाणी एकाच तारेवर टांगलेली. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीहून परतणारे लोक भीमगीतांच्या सीड्या पिशवीतून आणायचे, त्या औराद-भालकीच्या वस्त्यांत हातोहात फिरायच्या. हा माल कुठल्याही मोठ्या कंपनीच्या यादीत सापडत नाही. स्थानिक गायक, स्थानिक छायाचित्रकार, शेताच्या बांधावर काढलेलं चित्रण. कव्हरवर गायकाचा फोटो आणि मोबाइल नंबर.

दखनीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. २००५ मध्ये हैदराबादेत 'द अंग्रेज' नावाचा चित्रपट निघाला, २००६ मध्ये 'हैदराबाद नवाब्ज'. जुन्या शहरातल्या दखनी बोलीतले, फार मोठ्या खर्चाचे नव्हेत. त्यांची खरी कीर्ती सीडी-डीव्हीडीवर झाली. आखाती देशांत गेलेल्या हैदराबादी पोरांपर्यंत ती गेली. 'द अंग्रेज'मधला मस्त अली यांचा सलीम फेकू बीदरच्या चहाच्या टपरीवर अजून उद्धृत होतो. त्याआधी उमर शरीफ यांच्या 'बकरा किस्तों पे'सारख्या कराचीच्या नाटकांच्या नकला याच दुकानांत असायच्या. पण 'अंग्रेज'नं पहिल्यांदा बीदरच्या माणसाला स्वतःची बोली पडद्यावर ऐकवली. आता ती बोली मुसलमानांची असं आपण समजतो, पण दखनीतला 'नक्को' हा आपलाच 'नको' आहे, आणि बीदरच्या बाजारात मराठी माणूसही दुकानात शिरला की दखनीतच बोलतो. इकडं मालेगावात याच सुमारास वेगळं काही चाललं होतं. २००० च्या आसपास नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला, यंत्रमागावर काम करणाऱ्या लोकांना घेऊन. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे आणि अलीकडे २०२५ मध्ये आलेल्या हिंदी चित्रपटामुळे ती गोष्ट जगाला कळली. खानदेशी विनोदी सीड्या बीदरपर्यंत यायच्या. माझ्याकडं चार आहेत, चारही नकली, आणि त्यांची अस्सल कुठं असेल तर मला हवी आहे.

दूरदर्शनच्या मालिकांचा बाजार वेगळा होता. 'रामायण' (१९८७-८८, ७८ भाग) आणि 'महाभारत' (१९८८-९०, ९४ भाग) यांचे संच पेट्यांत मिळायचे, महाग, त्यामुळे देवळं, मंडळं वर्गणी काढून घ्यायची. कन्नडमध्ये दुसऱ्या भाषेतला कार्यक्रम डब करायचा नाही असा अलिखित दंडक कित्येक दशकं होता. म्हणून बीदरच्या कन्नड घरातही 'महाभारत' हिंदीतच पाहिलं गेलं. आपल्याकडचं हिंदी सुधारलं त्यात या गोष्टीचा वाटा असावा, असं मला वाटतं. असे संच आज भंगारात अर्धे-मुर्धे मिळतात, पाच ते नऊ क्रमांकाच्या तबकड्या आहेत आणि बाकी नाहीत. मी तेही घेतो. दोन अर्ध्यांचा एक पुरा होतो, माझा 'भारत एक खोज' तसाच तीन ठिकाणांहून पुरा झालाय.

आता माझ्या आवडीचा भाग. अस्सल सीडीचं कव्हर फेकू नका, तबकडी फुटलेली असली तरी. १९८४ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ५२ अ हे कलम आलं. त्यानुसार व्हिडिओ चित्रपटाच्या वेष्टनावर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत, निर्मात्याचं आणि हक्कदाराचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं झालं. म्हणून २८ रुपयांच्या कव्हरच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ते प्रमाणपत्र असतं. भिंग घ्या आणि वाचा. चित्रपटाची मीटरमधली लांबी, रिळांची संख्या, अर्जदाराचं नाव. मराठी चित्रपटांच्या बाबतीत अशी माहिती एकत्र कुठं सहज मिळत नाही. भंगारात ती पाच रुपयाला मिळते.

त्या लांबीवरून एक गणित करता येतं. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला २७.४३ मीटर पळते. समजा प्रमाणपत्रावर ३८४० मीटर लिहिलंय, तर चित्रपट १४० मिनिटांचा. प्लेअरवर बघितलं तर १३४ मिनिटं दिसतात. सहा मिनिटं कापली म्हणायची का? घाई नको. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची असते, आपला टीव्ही २५ चौकटींचा, म्हणून चित्रपट टीव्हीसाठी उतरवताना तो चार टक्क्यांनी वेगानं पळवतात. १४० चे १३४ त्यातच होतात. सूरही किंचित चढतो. कान तयार असेल तर जुन्या गाण्यात कळतो. पण प्लेअरवर १२० मिनिटं आली तर मात्र कात्री लागली आहे. माझ्या संग्रहातल्या मराठी व्हीसीड्यांपैकी चाळीसेक मी अशा मोजल्या. दोन तबकड्यांत बसवायचे म्हणून गाणी कापलेले चित्रपट त्यात बरेच निघाले. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या दोन कंपन्यांच्या आवृत्त्या मिळाल्या तर दोन्ही घ्या. एकीत कापलेलं गाणं दुसरीत असू शकतं.

प्रमाणपत्राच्या तारखेवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात प्रमाणपत्राची मुदत १० वर्षांची होती आणि जुने चित्रपट पुन्हा लावताना नवं घेतलं जायचं. १९३६ च्या 'संत तुकाराम'च्या कव्हरवर कितीतरी नंतरचं साल दिसलं तर चित्रपट नंतरचा ठरत नाही.

कायद्याचा दुसरा हात नकली मालावर पडला. महाराष्ट्रानं २००९ मध्ये स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांना घातलं, कर्नाटकानं २०१४ मध्ये आपल्या गुंडा कायद्यात. तोवर धंदा दुसरीकडे सरकला होता. मोबाइल रिचार्जच्या दुकानात संगणक आला, आणि वीस-तीस रुपयांत मेमरी कार्डात सिनेमे भरून मिळायला लागले. एप्रिल २०१६ मध्ये 'सैराट' आला. करमाळ्याकडची पोरं पळून हैदराबादला जातात ही गोष्ट बीदरला अगदी घरची वाटली. आमच्या भागात तो तबकडीवरून कमी आणि कार्डावरून जास्त फिरला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि कार्डाचंही काम संपलं. दुकानदारांनी खोकी माळ्यावर टाकली. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणातून विसर्जनात गेली.

त्या माळ्यावरच्या खोक्यांचा माग काढणं हा सध्या माझा रविवारचा उद्योग. अनुभवानं सांगतो. मोबाइलची जुनी दुकानं आधी गाठा. पाटीवर अजून 'सीडी' हा अर्धवट पुसलेला शब्द दिसला की आत जाऊन विचारा. मालक तरुण असेल तर त्याच्या वडिलांना विचारा. सहसा 'काय करता त्याचं?' असा प्रश्न येतो, खरं सांगावं, इतिहास म्हटलं की भाव वाढत नाही, उलट चहा येतो. दुसरी जागा रद्दीवाले. कव्हरं रद्दीत जातात, तबकड्या प्लास्टिकच्या भंगारात, म्हणून दोन्हीकडं जावं लागतं आणि घरी जोड्या लावाव्या लागतात. तिसरी, बदली होऊन जाणारी कुटुंबं. बीदरला वायुदलाचं केंद्र असल्यानं देशाच्या सगळ्या भाषांच्या डीव्हीड्या इथल्या भंगारात निघतात. मला एकदा बंगाली नाटकांचा गठ्ठा मिळाला होता, तो मी कोलकात्याच्या एका मित्राला पाठवला. पाच रुपयांच्या वर साध्या हिंदी चित्रपटाला देऊ नका. मराठी नाटकाला, लोककलेला, कीर्तनाला मी पन्नासही देतो.

घेताना तबकडी उलटी करून उन्हात धरा. खालची बाजू रुपेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली; जांभळट, निळसर किंवा हिरवट असेल तर संगणकावर जाळलेली. छापलेलीच्या मधल्या कड्याजवळ बारीक कोरलेला आयएफपीआयचा संकेतांक बहुधा सापडतो, ते कुठल्या कारखान्यातून निघाली याचं चिन्ह. खालचे ओरखडे बघून लोक घाबरतात, त्यातले बरेच चालून जातात. भीती वरच्या बाजूची धरावी. सीडीत चमकणारा थर लेबलाच्या लगेच खाली असतो, त्यावर फक्त लाखेचा पापुद्रा. वरून खरवडलं की माहितीच गेली, कुठलीही टूथपेस्ट तिला परत आणत नाही. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये दडलेला, म्हणून ती या बाबतीत चिवट. दिव्याकडं धरून टाचणीएवढी छिद्रं दिसली तर ती तबकडी घरी नेल्यावर पहिली उतरवून घ्यायची.

जाळलेल्या तबकड्यांना मात्र ओरखडा नसला तरी मरण आहे. त्यांत माहिती रंगाच्या थरात असते आणि रंग उडतो, उन्हात लवकर. आणि आपल्याला सगळ्यांत जास्त हवा असलेला माल नेमका याच तबकड्यांवर आहे. 'बनवाबनवी' कुठं जात नाही, तिच्या प्रती हजार ठिकाणी आहेत. पण कमलनगरच्या सप्ताहातलं २००६ चं कीर्तन, खानापूरच्या जत्रेतले वाघ्या-मुरळी, औरादच्या हौशी मंडळाचं नाटक, लग्नात म्हाताऱ्या बायांनी म्हटलेली मराठी-कन्नड मिसळीची गाणी, ही पंचवीस-पन्नास प्रतींत निघाली आणि संपली. कॅमेरेवाल्यानं मूळ टेप पुसून पुढच्या लग्नाला वापरली. मोठ्या दूरदर्शन केंद्रांतही एके काळी टेप महाग म्हणून पुसून वापरायचे, तिथं गल्लीतल्या छायाचित्रकाराला काय दोष द्यायचा. गेल्या वर्षभरात अशा ६१ जाळलेल्या तबकड्या मी वाचायला घेतल्या. ३८ पूर्ण उतरल्या, १४ तुटक, ९ मधून काहीच आलं नाही. त्या नवांतली एक जत्रेतल्या गोंधळाची होती, कव्हरवर गोंधळ्याचं नाव हातानं लिहिलेलं. आता उरलंय ते तेवढंच.

उतरवायची पद्धत अवघड नाही. व्हीसीडी संगणकात घातली की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरात मोठ्या डॅट फाइली दिसतात, त्यांत सिनेमा असतो. सरळ नक्कल होत नसेल तर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो खराब जागा सोडून आधी चांगला भाग वाचतो आणि मग पुन्हा पुन्हा मागे येतो. रात्री लावून झोपायचं. ड्राइव्ह बदलून बघावा, एकाला न वाचलेली तबकडी दुसरा वाचतो. जुन्या डेस्कटॉपचे ड्राइव्ह या कामात नव्या पातळ ड्राइव्हपेक्षा बरे, तेही भंगारातच मिळतात. कव्हर दोन्ही बाजूंनी स्कॅन करायचं, दुकानाच्या शिक्क्यासकट.

या वर्षी दत्तजयंतीला मी माणिकनगरला असेन, लॅपटॉप आणि दोन ड्राइव्ह घेऊन. हुमनाबाद, चिटगुप्पा, बसवकल्याण भागातल्या कुणाच्या घरी जुन्या कार्यक्रमांच्या, सप्ताहांच्या, नाटकांच्या सीड्या असतील तर आणाव्यात. नक्कल तिथंच काढून तबकडी लगेच परत देतो.